वृद्धांच्या केंद्रातल्या काळजीचा दर्जा कसा मोजायचा? आकडे जोडीने ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळ एका ट्रस्टचं असिस्टेड लिव्हिंग केंद्र आहे, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते असं निवासी केंद्र. चाळीस निवासी, बहुतेक ऐंशीच्या पुढचे, त्यातल्या निम्म्यांना कमी-जास्त स्मृतिभ्रंश. दर सहा महिन्यांनी नातेवाइकांकडून समाधानाचा फॉर्म भरून घेतात, आणि त्यात पाचापैकी साडेचारच्या खाली सहसा कोणी गुण देत नाही. आता विश्वस्त विचारताहेत, "काळजी चांगली आहे हे आकड्यांत दाखवता येईल का? कोणते आकडे ठेवायचे?"

मी मूळची नर्स. वॉर्डातून पुढे वृद्धांच्या केंद्रात सुपरवायझर झाले, आता अशा केंद्रांच्या नोंदी आणि कामाची पद्धत तपासते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या फॉर्मविषयी. तो बंद करू नका, पण दर्जाचा पुरावा म्हणून बैठकीत मांडू नका. नातेवाईक येतात रविवारी अकराच्या सुमाराला. तोवर आजींची आंघोळ होऊन वेणी घातलेली असते, चादर बदललेली असते. पहाटे चारला ओल्या डायपरमध्ये त्या किती वेळ पडून होत्या, हे रविवारी अकराला कसं कळणार? शिवाय वाईट लिहिलं तर त्याचा राग आईवर निघेल अशी धास्ती असतेच, आणि इथून हलवायचं म्हटलं तर दुसरीकडे जागा कुठे मिळणार? या सगळ्याची बेरीज साडेचार येते.

बाहेरून येऊन काळजीला गुण देईल अशी देशभराची सक्तीची यंत्रणा आपल्याकडे नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः निर्वाह, मालमत्तेचं रक्षण आणि निराधारांसाठी वृद्धाश्रम याबद्दल बोलतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा भर इमारत, करार आणि सुविधांवर आहे. इंग्लंडमध्ये केअर होमची तपासणी करणारी सरकारी यंत्रणा पाच गोष्टी विचारते: सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, माया आहे का, गरजेप्रमाणे वागतात का, कारभार नीट आहे का. अमेरिकेत नर्सिंग होमना २००८ पासून सरकार दर्जाप्रमाणे तारे देतं, पण असिस्टेड लिव्हिंग तिथेही प्रत्येक राज्याच्या नियमांवर सोडलेलं आहे, देशपातळीवर त्याला तारे नाहीत. तेव्हा तुम्हाला आपली फूटपट्टी आपणच करावी लागणार.

ही फूटपट्टी करताना बहुतेक केंद्रं एकाच ठिकाणी अडकतात. कुठलाही एक आकडा घ्या, तो चांगला दिसावा म्हणून काळजी बिघडवण्याची एक वाट प्रत्येक आकड्याजवळ असते. पडण्याच्या घटना कमी करायच्या? सगळ्यांना खुर्चीत बसवून ठेवा. आरडाओरडा कमी करायचा? गोळी द्या. म्हणून मी सांगते, एकटा आकडा बैठकीत आणूच नका. जी वाट सोपी आहे ती पकडणारा दुसरा आकडा त्याच्या शेजारी हवा.

पडण्यापासूनच सुरुवात करू, कारण विश्वस्तांना तेच आधी दिसतं. "या महिन्यात सहा जण पडले" हे वाक्य अर्धवट आहे. चाळीस निवासी, तीस दिवस, म्हणजे १२०० निवासी-दिवस. सहा घटना म्हणजे दर हजार निवासी-दिवसांमागे पाच. असं लिहिलंत की निवासी कमी-जास्त झाले तरी मागच्या महिन्याशी तुलना होते. पडणं कशाला म्हणायचं हे आधी ठरवा. पलंगावरून हळूच घसरून खाली बसले, वॉकर सुटला आणि मावशींनी झेलत झेलत जमिनीवर टेकवलं, हेही पडणंच. ही व्याख्या लेखी नसेल तर दिवसपाळी एक मोजते आणि रात्रपाळी दुसरंच. इजा झालेली पडझड वेगळ्या रकान्यात ठेवा.

मग वेळ बघा. वर्षभराच्या घटना घड्याळाच्या तासांवर मांडल्या की कारणं आपोआप पुढे येतात. पहाटे चार ते सहा बाथरूमला जाताना, आणि संध्याकाळी पाळी बदलताना, जेव्हा सगळा स्टाफ रजिस्टरभोवती जमलेला असतो. पहाटेची गर्दी दिसली तर लघवी होण्याची गोळी कोणाला किती वाजता देताय ते तपासा. सकाळची गोळी राहून गेली म्हणून संध्याकाळी दिली जाते आणि आजोबा रात्रभर उठत राहतात. बाथरूम तर आपल्याकडे आणखी वेगळा विषय आहे. बादली-तांब्याच्या आंघोळीने फरशी दुपारपर्यंत ओली असते, तिथे कोरडा भाग म्हणून काही नसतोच. बाहेरच्या देशातली तपासणी-यादी जशीच्या तशी उचललीत तर तिच्यात पकडायचे दांडे सापडतील, आंघोळीनंतर फरशी किती वेळात पुसून कोरडी झाली हा रकाना सापडणार नाही. तो तुम्ही घाला. आणि आतून लागणारी कडी, जी बाहेरून उघडत नाही, ती आजच काढा. त्यासाठी मोजमाप लागत नाही.

पडण्याच्या शेजारचा आकडा म्हणजे चालणं. काल किती निवासी स्वतःच्या पायांवर, आधाराने का होईना, दहा मिनिटं चालले? पडण्याचं प्रमाण पाचवरून दोनवर आलं आणि चालणारे अठ्ठावीसवरून पंधरावर आले, तर तुमचा दर्जा घसरला आहे. पुढे त्या पंधरा जणांचंही चालणं थांबू शकतं. ओढणीने किंवा चादरीने खुर्चीला बांधणं दिसलं तर तो आकड्याचा विषय राहात नाही, त्याच दिवशी लेखी नोंद आणि विचारणा व्हायला हवी. "पडू नयेत म्हणून" हे उत्तर मी फार ऐकलंय. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो.

चालण्यावरून येतो मुद्दा मूळ स्थितीचा. माणूस तुमच्याकडे आला तेव्हा काय करू शकत होता हे लिहिलेलं नसेल, तर वर्षाने काय मोजणार? यासाठी कॅट्झची साधी पद्धत पुरते. सहा कामं: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, हाताने जेवणं. स्वतः करतात (एक गुण) की मदत लागते (शून्य), एवढंच. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात आणि मग दर तीन महिन्यांनी. ऐंशीच्या पुढे गुण उतरणारच, त्यात लाज नाही. पाहायचं ते हे की कोणतं काम, किती लवकर आणि कशामुळे गेलं.

दुपारी साडेबाराला जेवणाच्या टेबलापाशी उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. कंपवाताचे एक आजोबा. ताटात मऊ वरण-भात. चमचा उचलतात, हात थरथरतो, निम्मा भात परत ताटात. दुसरा घास तोंडापर्यंत जातो. तिसऱ्याला अर्धं वरण बनियनवर. समोर उभ्या अटेंडंटला आणखी चार जणांना वाढायचं आहे. ती मायेनेच म्हणते, "द्या आजोबा, मी भरवते." दहा मिनिटांत ताट रिकामं, बनियन स्वच्छ, सगळे खूश. महिनाभर असं चाललं की आजोबांचा हात चमच्याकडे जायचा थांबतो. कॅट्झचा एक गुण गेला, आणि तो कंपवाताने घालवलेला नाही. तिथे लागतं काय? जाड मुठीचा चमचा, उभ्या काठाचं ताट, खाली ओलं फडकं म्हणजे ताट सरकत नाही, आणि वीस मिनिटं जास्त. चमचा स्वस्त आहे. महाग आहेत ती वीस मिनिटं, आणि ती तुमच्या ड्यूटी-तक्त्यात कुठेच लिहिलेली नसतात. म्हणून प्रत्येक उतरलेल्या गुणाशेजारी एक शब्द लिहायला सांगा: आजार, घटना की घाई. "घाई" कोणी सहज लिहिणार नाही, पण चर्चा तर होईल.

वजन हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बोलका आकडा. महिन्यातून एकदा, तोच काटा, सकाळी पोट साफ झाल्यावर, साधारण तेवढेच कपडे. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर धोक्याची घंटा. बावन्न किलोच्या आजींचे पाच टक्के म्हणजे २.६ किलो, साडीत कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांना उभं करता येत नाही त्यांची पोटरी टेपने मोजा. ३१ सेंटिमीटरच्या खाली गेली तर पोषणाकडे बघा. पायांवर सूज असेल तर वजन फसवतं, हे नोंदीत हवं. वजन उतरलं की डॉक्टरांच्या तपासणीबरोबर तीन गोष्टी आपण बघायच्या: कवळी कुठे आहे, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत किती तासांचं अंतर आहे, आणि जेवताना शेजारी कोण बसतं. कवळी रुमालात गुंडाळून ताटात ठेवली जाते आणि खरकट्याबरोबर जाते, हे इतक्या ठिकाणी घडतं की "कवळी हरवल्या: संख्या, परत मिळायला लागलेले दिवस" असा रकानाच मी घालायला लावते. जेवणाच्या अंतराचंही तसंच. स्वयंपाकघर लवकर आवरावं म्हणून संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि सकाळी साडेआठला पोहे, म्हणजे चौदा तास पोट रिकामं. त्यात मधुमेही किती, ते मोजा.

बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून कातडीला होणाऱ्या जखमा. इथे दोन रकाने हवेतच: घेऊन आलेले आणि इथे झालेले. हॉस्पिटलमधून परत आलेल्या प्रत्येकाची पाठ, माकडहाड, टाचा, कंबरेच्या कडा दारातच तपासा, नाहीतर नंतर वाद होतो. धोका कोणाला आहे ते ब्रेडनच्या मापाने ठरवतात, गुण ६ ते २३, आणि १८ किंवा त्याखाली असेल तर कूस बदलण्याचा तक्ता लागतो. तक्ता असणं आणि कूस बदलणं यांत मात्र बरंच अंतर आहे. रात्रीच्या सगळ्या खुणा एकाच पेनने, एकाच दाबाने, एका रेषेत असतील तर त्या सकाळी सहाला बसून भरलेल्या आहेत हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. पहाटे चारला जा. तक्ता "डावी कूस" म्हणत असेल आणि आजी उताण्या असतील तर तुमचं उत्तर मिळालं.

सावळ्या कातडीवर पहिल्या पायरीची, म्हणजे कातडी फुटण्याआधीची, लाली सहसा दिसत नाही, पुस्तकातली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात. हाताच्या पाठीने चाचपायला शिकवा: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट किंवा पिठासारखं मऊ लागतंय का, आजी आखडतात का. आणि इथला आकडा उलटा वाचायचा असतो. पहिल्या पायरीच्या नोंदी वाढल्या आणि उघड्या जखमा कमी झाल्या, तर तुमचा स्टाफ कातडी बघायला लागला आहे. पहिल्या पायरीच्या शून्य नोंदी आणि अचानक एक खोल जखम, याचा अर्थ मधले दिवस कोणी बघितलंच नाही.

औषधांत एकच आकडा धरा: किती निवाशांना मन शांत करणारी किंवा झोपेची औषधं चालू आहेत, म्हणजे क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोनाझेपाम वगैरे. यातली पहिली तीन अँटिसायकोटिक. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा सगळ्यांत कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या पिढीच्या औषधांसाठी २००५ मध्येच आणि जुन्यांसाठी २००८ मध्ये दिला होता. कधीकधी ती लागतात, मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण प्रत्येकाच्या कागदावर तीन गोष्टी हव्यात: कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी सुरू केलं, आणि पुन्हा कधी बघायचं. तिसरी बहुतेक वेळा कोरी असते. शेजारचा आकडा म्हणजे दिवसा सकाळी अकराला आणि दुपारी चारला किती जण जागे आहेत. "आता आजी खूप शांत आहेत" असं सांगितलं गेलं की मी आधी विचारते, गोळी सुरू करण्यापूर्वी त्या ओरडत होत्या तेव्हा पोट किती दिवस साफ झालं नव्हतं? बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, गुडघ्याची कळ, यातलं काही सांगता येत नाही म्हणून माणूस ओरडतो. बोलता न येणाऱ्यांचं दुखणं श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत पटते का यावरून ० ते १० मध्ये मोजायची पद्धत आहे, पेनॅड म्हणतात. नर्सला सहज शिकवता येते. गोळी सुरू करण्याआधी हा आकडा कागदावर असायलाच हवा.

स्टाफबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे लपवतात. पटावर किती जण आहेत ते सोडा, रात्री तीनला मजल्यावर किती जण जागे होते ते सांगा. अमेरिकेत नर्सिंग होम स्वतः सांगतील त्या संख्येवर भरवसा ठेवणं सोडून २०१८ पासून ताऱ्यांसाठी पगाराच्या नोंदींवरून हिशेब करतात. तुम्हीही हजेरी आणि पगारपत्रक जुळवा. दुसरा आकडा असा: एका आजींना आठवड्यात किती वेगवेगळ्या हातांनी आंघोळ घातली? ब्यूरोची माणसं रोज बदलली तर हा आकडा सातापर्यंत जातो. स्मृतिभ्रंश असलेल्या बाईला रोज नवा माणूस कपडे काढायला सांगतो, ती झटापट करते, आणि मग रजिस्टरमध्ये लिहिलं जातं "असहकार्य".

आता जे मोजता येत नाही असं सगळे म्हणतात ते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डांसाठी एक पद्धत काढली, त्यात निरीक्षक कोपऱ्यात बसून दर पाच मिनिटांनी प्रत्येक माणूस काय करतोय आणि त्याच्याशी कोण कसं वागलं हे टिपतो. पूर्ण पद्धतीला रीतसर प्रशिक्षण लागतं, पण तिचा साधा अवतार तुमचे विश्वस्तही करू शकतात. दुपारी चार ते पाच हॉलमध्ये बसा, फोन बाहेर ठेवा. पाच निवासी निवडा. दर पाच मिनिटांनी लिहा: झोपलेत, एकटेच बघत बसलेत, काही करताहेत, कोणाशी बोलताहेत. तासाभरात साठ नोंदी होतात. त्यातल्या किती वेळा कोणी त्यांच्याशी काम सोडून दुसरं काही बोललं? टीव्हीवर मालिका मोठ्याने चालू आणि समोर पाच माना छातीवर, हे चित्र नातेवाइकांना फोटो पाठवायच्या अ‍ॅपवर कधी येत नाही. त्याच तासात ऐका, "ए आजी, चल ऊठ" किती वेळा आणि "जोशीबाई, उठायचं का आता?" किती वेळा.

निवाशांना विचारायचं तर स्टाफमधल्या कोणी विचारू नये, आणि "सगळं ठीक ना?" असं तर मुळीच नाही. त्याला आपल्या पिढीजात भिडेचं एकच उत्तर असतं, "छान आहे हो." रात्री हाक मारली तर कोण येतं? उन्हात शेवटचं कधी बसलात? आज आंघोळ नको म्हणालात तर काय होतं? इथे कोणाशी मनातलं बोलता? मध्यम स्मृतिभ्रंश असलेली माणसंही अशा प्रश्नांना खरी उत्तरं देतात. तारीख चुकते, अनुभव सहसा चुकत नाही.

विश्वस्तांना तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच तिमाहीत गोंधळ होईल. मोजायला लागलं की आकडे आधी बिघडतात, कारण जे लिहिलं जात नव्हतं ते लिहिलं जातं. चाळीस जणांत एका महिन्याचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पाच यात काहीच अर्थ नसतो. कधी एकच आजोबा चार वेळा पडलेले असतात. बारा महिन्यांची रेघ बघा. आणि शेजारच्या केंद्राशी तुलना करू नका. त्यांच्याकडे चालते-फिरते लोक असतील आणि तुमच्याकडे निम्मे अंथरुणाला खिळलेले, तर तुमचे आकडे वाईटच दिसणार. मृत्यूंची संख्या तर दर्जाच्या पानावर घालूच नका. जिथे माणूस शेवटच्या आठवड्यात रुग्णवाहिकेत न घालता आपल्या पलंगावर, दुखणं आटोक्यात ठेवून जाऊ शकतो, तिथे ती संख्या जास्त असेल. त्याऐवजी हॉस्पिटलमध्ये हलवल्याच्या घटना घ्या आणि त्यातल्या टाळता आल्या असत्या अशा वेगळ्या काढा. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी पडून भरती केलेले किती, हा प्रश्न पुणे-सोलापूर भागातल्या प्रत्येक केंद्राने स्वतःला विचारावा.

एक आणखी. पडण्याच्या आकड्यावर कोणाचाही पगार, बक्षीस किंवा मेमो लावू नका. लावलात तर पुढच्या महिन्यापासून कोणी पडणार नाही, फक्त निळे डाग "आधीपासून होते" असे सापडतील. छळाचा किंवा मारहाणीचा संशय असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे आकडे बाजूला ठेवून थेट चौकशी करायची, आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन नातेवाइकांना दिसेल अशी दारातच लावून ठेवा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर सगळं एकदम नको, रजिस्टरांचं ओझं झालं की तेच काम खोटं व्हायला लागतं. पहिल्या महिन्यात सर्व चाळीस जणांचं कॅट्झ, वजन आणि कातडीची तपासणी करून मूळ पान तयार करा. दुसऱ्या महिन्यापासून पडणं आणि चालणं, वजन आणि जेवणाचं अंतर, औषधं आणि जागेपण, एवढ्या तीन जोड्या. चौथ्या महिन्यात बेडसोरची जोडी आणि हॉलमधला तो तास. नोंदी ठेवणाऱ्या नर्सच्या ड्यूटीतून रोजचा अर्धा तास त्यासाठी मोकळा करा आणि तो तक्त्यावर छापा. काटा मात्र बसून वजन घेता येईल असा घ्या, उभं राहायचा काटा आणलात तर ज्यांचं वजन घ्यायला हवं नेमके तेच सुटतील.